पडत्या वजनाचा हिशेब

इंग्लंडमधील मँचेस्टर शहराच्या दक्षिणेला सेल नावाचे गाव आहे. तेथील ब्रुकलँड्स दफनभूमीत एका थडग्याच्या दगडावर ७७२.५५ असा आकडा कोरलेला आहे. थडग्यावर नाव असते, तारीख असते, बायबलमधील एखादे वचन असते. तसे वचन या दगडावरही आहे. पण आकडा कशासाठी? माहीत नसलेल्या माणसाला तो दफनभूमीतला क्रमांक वाटावा. प्रत्यक्षात तो एका माणसाच्या सबंध आयुष्याची कमाई आहे. त्या माणसाचे नाव जेम्स प्रेस्कॉट जूल.

हे नाव तसे आपल्या घरात रोज वावरत असते. विजेच्या बिलावरचे एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. शाळेतल्या मुलांच्या पुस्तकात ऊर्जेच्या प्रत्येक गणिताच्या शेवटी हेच नाव येते. मुले ते लिहितात, गुण मिळवतात आणि पुढे जातात. ज्याच्या नावाने आपण ऊर्जा मोजतो तो माणूस कोण होता, हे सहसा कोणी विचारत नाही.

मी बरीच वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. स्थितिज ऊर्जेचा धडा फळ्यावर मांडायला सोपा. वस्तुमान, गुरुत्वीय त्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला की झाले. साधारण शंभर ग्रॅमचे सफरचंद एक मीटर उचलायला सुमारे एक जूल ऊर्जा लागते. पाच किलो पिठाचा डबा दोन मीटर उंच फळीवर ठेवला, तर त्यात सुमारे शंभर जूल साठतात. एवढे सांगितले की वर्गातील एखादा मुलगा किंवा मुलगी हमखास विचारीत असे, की डबा तर तोच, पीठही तेच. मग ही ऊर्जा साठली कुठे? हा प्रश्न मला नेहमी आवडे. कारण त्याचे खरे उत्तर सूत्रापेक्षा जूलच्या चरित्रातून अधिक चांगले समजते. ते चरित्र आज वाचकांसमोर मांडतो आहे.

जूलचा जन्म २४ डिसेंबर १८१८ रोजी मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्ड या गावी झाला. वडिलांचा बिअर तयार करण्याचा मोठा कारखाना होता. घरची सुबत्ता होती, पण मुलाची प्रकृती तोळामासा. पाठीच्या कण्यात दोष होता. त्यामुळे शाळेचे तोंड त्याने फारसे पाहिले नाही. शिकवणी घरीच झाली. मुलगा बुजरा झाला आणि हा बुजरेपणा जन्मभर टिकला. चारचौघांत उभे राहून बोलायचे म्हणजे त्याच्या जिवावर येई.

१८३४ साली वडिलांनी जेम्स आणि त्याचा भाऊ बेंजामिन यांना जॉन डाल्टनकडे शिकायला पाठवले. अणुसिद्धांत मांडणारा हाच तो डाल्टन. एवढा मोठा रसायनशास्त्रज्ञ, पण पोटासाठी मुलांना गणित शिकवीत होता. त्याने या भावांना आधी अंकगणित आणि भूमिती पक्की करायला लावली. १८३७ साली डाल्टनला पक्षाघाताचा झटका आला आणि शिकवणी थांबली. जूलचे शिक्षण म्हणावे ते एवढेच. तो कधी विद्यापीठात गेला नाही आणि पुढे कुठे प्राध्यापकही झाला नाही. पण मोजमाप काटेकोर असले पाहिजे, ही गोष्ट त्याच्या मनावर त्या वयात ठसली.

त्याची दुसरी शाळा म्हणजे वडिलांचा कारखाना. बिअर करणे हे तापमानाचे काम आहे. धान्य भिजवताना, आंबवताना पाणी थोडे जास्त तापले किंवा थोडे थंड पडले, की सगळा घाणा बिघडतो आणि पैसे पाण्यात जातात. थर्मामीटर पाहून अचूक अंश सांगता येणे हे तिथे पांडित्याचे लक्षण नव्हते, ते धंद्याचे अंग होते. दिवसभर कारखान्यात काम आणि उरलेल्या वेळात घरच्या प्रयोगशाळेत खटपट, असा जूलचा क्रम सुरू झाला.

त्या काळी विजेची मोटर ही नवलाई होती. वीज लवकरच वाफेच्या इंजिनाची जागा घेईल आणि फुकटात काम करील, अशी स्वप्ने लोक पाहत होते. जूलनेही पाहिले. कारखान्यातले वाफेचे इंजिन काढून तिथे विजेची मोटर बसवता येईल का, हा त्याचा पहिला विचार. पण तो व्यापाऱ्याचा मुलगा होता. त्याने हिशेब मांडला : बॅटरीत एक पौंड जस्त खर्ची पडले तर किती काम होते, आणि बॉयलरमध्ये एक पौंड कोळसा जाळला तर किती? कोळसा सरस ठरला आणि शिवाय तो स्वस्त होता. फुकटची शक्ती कुठेच नाही, हा धडा त्याला असा मिळाला.

याच खटपटीत त्याच्या लक्षात आले, की वीज वाहताना तार तापते आणि त्या उष्णतेला नियम आहे. वीजप्रवाह दुप्पट केला की उष्णता चौपट होते. हा नियम आज त्याच्याच नावाने ओळखला जातो. एकवीस वर्षांच्या जूलने तो १८४० साली लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठवला, तेव्हा सोसायटीने केवळ सारांश छापून त्याची बोळवण केली.

आता त्याला मोठा प्रश्न पडला. ही उष्णता येते कुठून? त्या काळातील बहुतेक विद्वानांचे मत असे, की उष्णता हा एक अदृश्य, वजनरहित द्रव आहे. तो गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे वाहतो; तो निर्माण होत नाही, नष्टही होत नाही. या द्रवाला त्यांनी कॅलरिक असे नाव दिले होते. या मताला पूर्वीही धक्के बसले होते. काउंट रम्फर्ड याने १७९८ साली म्युनिकमधील तोफांच्या कारखान्याचा दाखला दिला होता. तोफेची नळी कोरताना घर्षणाने उष्णता निघतच राहते. द्रवाचा साठा असता तर तो कधीतरी संपायला हवा होता. तरीही कॅलरिक गेला नाही. कारण उष्णता कामातून निर्माण होते एवढे म्हणणे पुरेसे नव्हते. किती कामातून किती उष्णता, हे कोणीतरी आकड्यात सांगायला हवे होते.

जूलने ते अंगावर घेतले. काम मोजायचे तर भरवशाचे माप हवे. माणसाचा हात थकतो, घोडा मधेच थांबतो, इंजिनाची वाफ कमीजास्त होते. पण एक मजूर असा आहे जो कधी थकत नाही, मजुरी मागत नाही आणि दर वेळी नेमके तेवढेच काम करतो. तो म्हणजे गुरुत्वाकर्षण. दहा पौंडांचे वजन दहा फूट खाली आले, की झालेले काम शंभर फूट-पौंड. आज झाले, उद्या झाले, मँचेस्टरला झाले की केंब्रिजला झाले, हिशेबाला पुरेल इतके ते सारखेच. म्हणून जूलने आपल्या प्रयोगाला पडत्या वजनाची जोड दिली. वजन दोरीला बांधायचे, दोरी चाकाला गुंडाळायची, वजन हळूहळू खाली येऊ द्यायचे आणि चाकाने जे काही फिरेल त्याची उष्णता मोजायची.

१८४३ साली त्याने या पद्धतीने एक विद्युतजनित्र फिरवले आणि उत्तर काढले : एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला ८३८ फूट-पौंड काम लागते. हे त्याने आयर्लंडमधील कॉर्क येथे ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात वाचून दाखवले. श्रोते गप्प राहिले. कोणी विरोधही केला नाही. नव्या माणसाला विरोधापेक्षा असे मौन अधिक बोचते.

त्याने मार्ग बदलले. बारीक नळ्यांमधून पाणी दाबून पाहिले, उत्तर आले ७७०. हवा दाबून पाहिली, ७९८ आले. पाणी घुसळून पाहिले, तेव्हा १८४५ साली ८९० आले. आकडे मागेपुढे होत होते, पण रस्ते इतके वेगळे असताना उत्तरे एकमेकांच्या आसपास यावीत, हाच त्याच्या दृष्टीने पुरावा होता. रॉयल सोसायटीने हवेवरचा त्याचा निबंधही छापला नाही. तो त्याने दुसऱ्या नियतकालिकात छापून आणला.

एका गोष्टीचा वर्तमानपत्राच्या वाचकांना विशेष आनंद व्हावा. २८ एप्रिल १८४७ रोजी जूलने मँचेस्टरमधील सेंट ॲन चर्चच्या वाचनालयात एक व्याख्यान दिले. निसर्गातील शक्ती नाहीशी होत नाही, ती फक्त रूप बदलते, हा विचार त्याने सामान्य लोकांपुढे प्रथमच संपूर्णपणे मांडला. उंच धरलेले वजन, धावणारी वस्तू आणि उष्णता ही एकाच गोष्टीची वेगवेगळी रूपे आहेत, असे त्याचे सांगणे होते. हे व्याख्यान संपूर्ण छापले ते कोणत्याही विद्वत्सभेच्या नियतकालिकाने नव्हे, तर मँचेस्टर कुरियर या गावच्या वर्तमानपत्राने. भौतिकशास्त्रातील एक मूलभूत सिद्धांत बाजारभाव आणि स्थानिक बातम्यांच्या शेजारी बसून प्रथम लोकांच्या घरी गेला!

त्यानंतर दोन महिन्यांनी ऑक्सफर्डला पुन्हा ब्रिटिश असोसिएशनचे अधिवेशन भरले. अध्यक्षांनी जूलला थोडक्यात आटोपायला सांगितले. या वेळीही विषय तसाच विरून गेला असता. पण श्रोत्यांत विल्यम थॉमसन नावाचा तरुण होता. वय अवघे तेवीस आणि तो ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक झालेला होता. पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून जगप्रसिद्ध झालेला हाच तो. जूलचे म्हणणे त्याला लगेच पटले नाही. उष्णता कधीच नष्ट होत नाही, असे त्याने स्वतः शिकलेले होते. पण या माणसाला दुर्लक्षून चालणार नाही, हे मात्र त्याला कळले. त्याने प्रश्न विचारले, चर्चा केली, आणि सभेतील इतरांचे लक्ष प्रथमच जूलकडे वळले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जूलचे अमेलिया ग्राइम्सशी लग्न झाले. नवपरिणित जोडपे आल्प्स पर्वतात फिरायला गेले. पुढची हकिकत थॉमसनने बऱ्याच वर्षांनी सांगितली. तोही त्या भागात पायी हिंडत होता. शामोनीच्या वाटेवर अचानक समोरून जूल येताना दिसला, हातात एक लांबलचक थर्मामीटर! मागच्या गाडीत नवी नवरी. धबधब्याचे पाणी वरपेक्षा खाली किंचित गरम असले पाहिजे, आणि ते मोजायचे म्हणून महाराज मधुचंद्राला थर्मामीटर घेऊन निघाले होते. थर्मामीटरचा हा तपशील थॉमसनच्या आठवणीने रंगवलेला असावा, असे काही इतिहासकार मानतात. पण धबधब्याचा विचार जूलच्या डोक्यात नक्की होता. दोन वर्षांपूर्वीच त्याने लिहून ठेवले होते, की नायगाराचे पाणी १६० फूट कोसळल्यावर सुमारे एक पंचमांश अंश फॅरनहाइटने तापेल. थॉमसन सांगतो त्याप्रमाणे त्या दोघांनी सालांश येथील धबधब्यावर प्रयत्न करून पाहिला, पण पाणी खाली पोचेपर्यंत त्याचे तुषार होऊन जात, त्यामुळे मोजणी जमली नाही.

प्रयोग धबधब्यावर जमला नाही, तो घराच्या तळघरात जमला. तळघर अशासाठी, की तिथे हवेचे तापमान दिवसभर फारसे बदलत नाही. हा प्रयोग समजायला आपल्याला ताक घुसळण्याची रवी आठवली की पुरे. तांब्याच्या एका भांड्यात सुमारे सहा किलो पाणी. त्यात पितळी पात्यांचे चाक. भांड्याच्या आतून स्थिर पाती बसवलेली, म्हणजे पाणी चाकाबरोबर नुसते गरगरत राहू नये, ते अडून घुसळले जावे. चाकाच्या दांड्याला दोरी, दोरी दोन बाजूंच्या कप्प्यांवरून गेलेली आणि तिच्या टोकांना शिशाची दोन वजने, प्रत्येकी सुमारे १३ किलोचे. वजने सोडली की ती सावकाश १.६ मीटर खाली येत आणि पाणी घुसळले जाई. मग ती पुन्हा वर चढवायची आणि पुन्हा सोडायची. असे वीस वेळा. या सगळ्यानंतर पाणी तापे ते किती? सेल्सिअसच्या एका अंशाचा जेमतेम तिसरा हिस्सा!

एवढीशी वाढ खात्रीने मोजायची, म्हणून मँचेस्टरमधील डान्सर या कारागिराने खास थर्मामीटर तयार करून दिले होते. फॅरनहाइट अंशाचा दोनशेवा भाग जूल त्यावर डोळ्याने वाचू शकत असे. आपल्या अंगाची ऊब भांड्याला लागू नये म्हणून त्याने मध्ये लाकडी पडदा उभा केला होता. कप्प्यांच्या घर्षणात किती काम वाया गेले, वजने जमिनीला टेकताना त्यांत किती वेग उरला होता, तांब्याने आणि पितळेने किती उष्णता घेतली, खोलीतल्या हवेने किती दिली किंवा नेली, हे सारे त्याने जमाखर्चात धरले. पाण्यावरचा हा प्रयोग त्याने चाळीस वेळा केला. मग पाण्याऐवजी पारा घेतला, नंतर लोखंडावर लोखंड घासून पाहिले. उत्तर स्थिरावले ७७२ वर. म्हणजे एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायचे, तर एक पौंडाचे वजन ७७२ फूट खाली यावे लागते. आजच्या भाषेत सांगायचे, तर पाण्याला एक अंश सेल्सिअसने तापायला सुमारे ४२७ मीटर कोसळावे लागेल. आजच्या मोजणीनुसार जूलच्या आकड्याजागी ७७८ येतो. त्याची चूक शंभरात एकाहूनही कमी होती.

हा निबंध १८४९ साली मायकेल फॅरडेच्या मार्फत रॉयल सोसायटीपुढे गेला आणि पुढच्या वर्षी छापला गेला. पण घर्षण म्हणजे कामाचे उष्णतेत रूपांतर, हे जूलचे स्पष्ट विधान तपासणाऱ्या समितीने गाळायला लावले. आकडा मान्य, अर्थ अमान्य! तरीही १८५० साली जूल सोसायटीचा सभासद निवडला गेला. १८५१ पर्यंत थॉमसनची शंकाही फिटली होती आणि दोघांनी पुढे एकत्र अनेक प्रयोग केले. दाबाखालची हवा बारीक छिद्रातून पसरू दिली की सामान्यतः थंड होते, हा त्यांचा शोध. पुढे वायू द्रवरूप करण्याच्या तंत्राला तो उपयोगी पडला.

आता वर्गातल्या त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. जूलची शिशाची वजने वर टांगलेली असत, तेव्हा ती गरम नसत, हलत नसत. त्यांच्याकडे पाहून काहीच कळत नसे. पण ती खाली आली की पाणी दर वेळी ठरल्याइतकेच तापे. म्हणजे ती उष्णता निर्माण करण्याची ऐपत आधीपासून कुठेतरी जमा होती. ती शिशात नव्हती. तसे असते तर वजन जमिनीवर पडून असतानाही ती मिळाली असती. ती होती वजन आणि पृथ्वी यांच्यामधील अंतरात, त्या दोघांच्या परस्परसंबंधात. आपण वजन उचलतो तेव्हा पृथ्वीच्या ओढीविरुद्ध काम करतो आणि ते काम त्या जोडीच्या खात्यावर ठेवीसारखे राहते. तीच वस्तू तितकीच उंच चंद्रावर नेऊन ठेवली तर ठेव एक षष्ठांशच होईल, कारण तिथली ओढ तेवढी कमी. या ठेवीला १८५३ साली विल्यम रँकिन या स्कॉटिश अभियंत्याने जे नाव दिले, त्यालाच आपण मराठीत स्थितिज ऊर्जा म्हणतो.

ही कथा एकट्या जूलची मात्र नाही. जर्मनीतील हाइलब्रॉन गावचा एक डॉक्टर, युलियुस रॉबर्ट मायर, १८४० साली जहाजावरचा वैद्य म्हणून जावा बेटावर गेला होता. तिथे खलाशांचे रक्त काढताना शिरेतले रक्त नेहमीपेक्षा लालभडक दिसले. उष्ण प्रदेशात शरीराला ऊब टिकवण्यासाठी कमी अन्न जाळावे लागते, असा अर्थ त्याने लावला आणि त्यातून उष्णता व काम यांच्या नात्यापर्यंत तो पोचला. १८४२ साली, म्हणजे जूलच्या कॉर्कमधील भाषणाच्या आधी वर्षभर, त्याचा निबंध छापला गेला. त्याकडे कोणी पाहिले नाही. पुढे जूलचे नाव होऊ लागले, तेव्हा श्रेय कोणाचे यावरून वाद झाला. याच सुमारास, १८४८ साली, मायरची दोन मुले दगावली. १८५० साली त्याने खिडकीतून उडी घेतली. तो जगला, पण नंतर त्याला मनोरुग्णालयात राहावे लागले. जूलचे म्हणणे एवढेच होते, की कल्पना सुचणे वेगळे आणि ती प्रयोगाने सिद्ध करणे वेगळे. त्यात तथ्य आहे. पण मायरने आधी सांगितले होते, हेही तितकेच खरे. रॉयल सोसायटीने १८७० साली आपले सर्वोच्च कॉप्ली पदक जूलला दिले आणि पुढच्याच वर्षी ते मायरला दिले. उशिरा का होईना, ते बरे झाले.

जूलच्या स्वतःच्या घरातही दुःख आलेच. १८५४ साली अमेलिया वारली. लग्नाला अवघी सात वर्षे झाली होती. त्यांचे सर्वांत धाकटे बाळही जगले नाही. एक मुलगा आणि एक मुलगी यांना घेऊन जूल वडिलांच्या घरी परतला. त्याच सुमारास कारखाना विकला गेला. पस्तिशीतला हा माणूस त्यानंतर पस्तीस वर्षे जगला, पण त्याने पुन्हा लग्न केले नाही. मुळातच अबोल होता, तो अधिकच एकटा झाला. प्रयोग मात्र त्याने सोडले नाहीत. एका घरी तर त्याच्या प्रयोगाच्या वाफेच्या इंजिनाबद्दल शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि काम थांबवावे लागले.

उत्तरायुष्यात पैशाचीही चणचण आली. ज्याने आपले सगळे प्रयोग बहुतांशी स्वतःच्या खर्चाने केले, त्याला १८७८ साली सरकारकडून वर्षाला दोनशे पौंडांचे निवृत्तिवेतन घ्यावे लागले. आणि त्याच वर्षी, साठाव्या वर्षात, त्याने तीच जुनी रवी पुन्हा नव्या रचनेने फिरवली आणि आपलाच आकडा पुन्हा तपासला. उत्तर आले ७७२.५५. तीस वर्षांपूर्वीच्या आकड्यात फरक पडला तो अर्ध्याच्या आसपास. सारे जग मान देत असताना आपलाच हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडायला बसणे, हे मला त्याच्या सर्व शोधांइतकेच मोठे वाटते.

११ ऑक्टोबर १८८९ रोजी सेल येथे त्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी पॅरिसमध्ये भरलेल्या वीजतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ऊर्जेच्या एककाला त्याचे नाव दिले.

जूलने जे मोजले त्याचा आपल्या सह्याद्रीशी रोजचा संबंध आहे. लोणावळा, वळवण या तलावांचे पाणी नळांतून घाट उतरून खोपोलीच्या वीजकेंद्रात येते. हे केंद्र १९१५ साली सुरू झाले. हे पाणी सुमारे पाचशे मीटर खाली येते. ते नुसतेच कोसळू दिले असते, तर जूलच्या आकड्यानुसार एक अंशाहून थोडे अधिक तापले असते, आणि ती ऊब कोणाला जाणवलीही नसती. आपण तिथे पाण्याच्या वाटेत चाके ठेवली आणि तीच ठेव विजेच्या रूपाने काढून घेतली. घाटघरला तर २५० मेगावॉटचा उलटसुलट व्यवहार चालतो. वीज शिल्लक असली की तिच्या बळावर खालच्या तलावाचे पाणी डोंगरमाथ्यावरच्या तलावात चढवायचे आणि मागणी वाढली की ते खाली सोडायचे. मात्र जेवढी वीज घातली तेवढी परत मिळत नाही. उरलेली नष्ट झाली का? नाही. ती पंपांत, नळांत, पाण्यात उष्णता होऊन पसरली. हे आपण आज इतक्या खात्रीने म्हणू शकतो, ते त्या तळघरातील चाळीस प्रयोगांमुळे.

घरच्या स्वयंपाकघरातही हा हिशेब मांडून पाहता येतो. एका मध्यम पोळीतून साधारण ८० किलोकॅलरी, म्हणजे तीन लाखांहून अधिक जूल मिळतात. पिठाचा डबा फळीवर ठेवायला शंभर जूल. म्हणजे एका पोळीवर डबा तीन हजार वेळा चढवता यावा! प्रत्यक्षात आपले स्नायू अन्नातील ऊर्जेचा फार तर चौथा भाग कामी लावतात. बाकीची उष्णता होते. तरीही सातआठशे वेळा होतातच. मुलांबरोबर रविवारी हे गणित जरूर करावे. डबा कितीदा उचलावा लागेल हे कळले, की पोळी पानात टाकताना मुलांचा हात थोडा अडखळतो.

मँचेस्टरच्या नगरभवनाच्या प्रवेशद्वाराशी दोन पुतळे समोरासमोर आहेत. एक डाल्टनचा, दुसरा जूलचा. अंकगणिताची शिकवणी घेणारा मास्तर आणि पाठीच्या दुखण्यामुळे शाळेत न गेलेला त्याचा विद्यार्थी. जन्मभर शिकवण्याचे काम केल्यामुळे असेल, पण मला या दोघांना असे एकत्र ठेवणाऱ्यांचे कौतुक वाटते. मास्तरने बेरीज-वजाबाकी पक्की करून घेतली. विद्यार्थ्याने तिच्या बळावर सृष्टीचा जमाखर्च जुळतो की नाही ते तपासले, आणि तो जुळतो असे दाखवून दिले.